इलारिओ लारुताच्या तीन फेऱ्या

१५ मार्च २००१, गुरुवार. बोलिव्हियातल्या एल आल्तोच्या बाजारात इलारिओ लारुताने चार हजार आठशे पन्नास डॉलर मोजून दिले आणि एक पांढरी जपानी मिनिबस ताब्यात घेतली. त्यातले दोन हजार नऊशे त्याचा ट्रक विकून आले होते. उरलेले जावई विल्मरचे होते, म्हणून कागदावर दोघांची नावं लागली. विकणाऱ्याने चारही चाकांवर दारू शिंपडली, थोडी जमिनीला दिली, थोडी स्वतः प्यायला आणि म्हणाला, "उस्ताद, गाडी बाळासारखी आहे. फक्त डोकं जरा फिरवलेलं आहे."

ती पालटलेली गाडी होती. जपानात तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. बंदरावरच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये ते कापून डावीकडे बसवलं होतं, क्लच-ब्रेकचे पायातले दांडे त्याच्यामागोमाग ओढून आणले होते आणि बाकी सगळं होतं तिथेच ठेवलं होतं. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा, सगळे शेजारी बसणाऱ्या उतारूच्या नाकासमोर. हँडब्रेकही त्याच्याच गुडघ्याशी.

"म्हणजे गाडी मी चालवायची आणि माहिती त्याला?" इलारिओने विचारलं.

"घरात तरी वेगळं काय आहे तुमच्या?" विल्मर म्हणाला.

इलारिओ तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली सव्वीस वर्षं त्याने एकच लांब नाकाचा, पुढे बॉनेट असलेला स्वीडिश ट्रक ला पासहून युंगासच्या दऱ्यांच्या उतारावर नेला आणला होता. वर जाताना कोका आणि मोसंबी, खाली येताना सिमेंट, बिअर, माणसं. त्या रस्त्यावर खाली उतरणारा डावीकडून, दरीच्या कडेने उतरतो आणि वर चढणारा डोंगराला चिकटून चढतो. उतरणाऱ्या चालकाला खिडकीतून मान काढली की आपलं बाहेरचं चाक दिसावं, एवढाच त्यातला हिशोब. दोघे समोरासमोर आले तर मागे सरायचं ते उतरणाऱ्याने. हा नियम सगळे पाळत. इलारिओ पाळत नसे. मिनिबसवाल्यांना तो बिस्किटाचे डबे म्हणायचा. समोर चढणारा डबा आला की हा रस्त्याच्या मधोमध ट्रक उभा करायचा, खिशातून मोसंबं काढून सोलायला घ्यायचा आणि डबा मागे सरेपर्यंत एकेक फोड खात बसायचा. साली मात्र खिडकीबाहेर टाकायचा, समोरच्याला दिसतील अशा.

पण ट्रकची कमाई आटली. चालक संघाने ट्रकांची यादी बंद केली आणि जुन्या ट्रकवाल्यांना एक सवलत दिली. मिनिबस घ्या, मे संपायच्या आत संघाचा माणूस शेजारी बसवून तीन फेऱ्या करून दाखवा, तीनपैकी दोन चांगल्या झाल्या की व्हिया फातिमाच्या थांब्यावर रांगेत तुमची जागा पक्की. नाही झाल्या तर जागा गाडीच्या दुसऱ्या मालकाची. रांगेत जागा नसेल तर त्या थांब्यावरून एक उतारू उचलता येत नाही. म्हणजे इलारिओला चालक म्हणून उरायचं असेल तर ही जागा हवी, नाहीतर जावयाच्या कमाईवर घरी बसायचं.

"मला काय, दोन्हीकडून बरंच आहे," विल्मरने सासऱ्याला तोंडावर सांगितलं. "तरी शिकवतो. नंतर म्हणाल जावयाने गोत्यात आणलं."

शिकवणी एल आल्तोच्या फुटबॉलच्या मैदानावर सुरू झाली. विल्मरने बिअरच्या चौदा रिकाम्या पेट्या एका रांगेत मांडल्या. "या पेट्या म्हणजे कडा. मिनिबसमध्ये उतारू चौदा. जितक्या पेट्या पाडाल तितकी माणसं गेली."

पहिल्या दिवशी चौदाही गेली. दुसऱ्या दिवशी विल्मरने पेट्यांवर खडूने नावं लिहिली. "ही तुमची बायको. ही तुमची मुलगी, म्हणजे माझी बायको, तिला सांभाळून. हा मी." इलारिओने बायकोला वाचवलं आणि जावयाला चिरडलं. मैदानाच्या कडेला बटाटे विकणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. एक ओरडली, "उस्ताद, नेम चांगला आहे!"

अडचण काय होती ती त्याला पहिल्याच तासात कळली होती, पण कळून उपयोग नव्हता. ट्रकमध्ये तो पुढच्या चाकांच्या मागे बसायचा आणि त्याच्यापुढे दोन हात नाक असायचं. नाकाचा कोपरा कडेला टेकला की वळायचं, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक होतं. मिनिबसला नाकच नव्हतं. पुढची चाकं त्याच्या बुडाखाली होती. उजवीकडच्या वळणावर आधी स्वतः रस्त्याबाहेर जायचं, पायाखाली नुसती हवा येऊ द्यायची आणि मग वळायचं. आधी वळलं तर मागचं चाक डोंगरात घुसतं. इलारिओ दर वेळी आधी वळायचा.

"घाबरताय," विल्मर म्हणाला.

"मी? तुझ्या जन्माआधीपासून मी त्या रस्त्यावर आहे."

"ट्रकच्या नाकामागे लपून होतात. आता तोंड दाखवायची वेळ आली."

सासऱ्याने त्याला गाडीतून उतरवलं आणि महिनाभर एकटाच शिकला. रोज सकाळी बूट काढून टायरच्या वहाणा घालायचा, म्हणजे पायाला दांडे नीट लागतात. उभ्या गाडीत डोळे मिटून बसायचा आणि हात टाकून गिअर शोधायचा. दुसरा गिअर अडकायचा. आधी किंचित पुढे दाबून मग मागे ओढला की बसतो, हे त्याने शोधून काढलं. उजवा आरसा खोटं दाखवतो, डावा जरा कमी खोटं. मागे घेताना खिडकीतून छातीपर्यंत बाहेर यायचं आणि मागचं चाक बघायचं, हेही जमवलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याने चौदाही पेट्या उभ्या ठेवून गाडी पुढे नेली आणि तशीच मागे आणली. बटाटेवालीने एक उकडलेला बटाटा फुकट दिला.

त्याची बायको साबीना थांब्यावर सूप विकायची. तिला सगळ्या बातम्या आधी कळत. एक मेच्या संध्याकाळी ती म्हणाली, "शेजारी कोण बसणार ते ठरलं. सेनोन चुकिमिया."

इलारिओ जेवता जेवता थांबला.

"आठवतोय ना?" ती म्हणाली.

आठवायला काही कष्ट नव्हते. सात वर्षांपूर्वी, दाट धुक्यात, चढणाऱ्या सेनोनला त्याने चारशे मीटर मागे सरायला लावलं होतं. गाडीत सेनोनची बायको होती. ती त्या दिवसानंतर नवऱ्याच्या गाडीत कधी बसली नाही. नियम सेनोनच्या बाजूने होता आणि इलारिओने त्या दिवशी दोन मोसंबी खाल्ली होती. आता सेनोन संघाचा चिटणीस होता.

"माफी माग," साबीना म्हणाली.

"सात वर्षांनी? म्हणेल, जागेसाठी मागतोय."

"जागेसाठीच माग की. कारण कोण विचारतो?"

त्याने मागितली नाही.

दोन मे, बुधवार, पहिली फेरी. सेनोन आला, पुढे उजवीकडे बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि काट्यांच्या काचेवर ठेवली. सगळे काटे झाकले गेले.

"टोपी काढा, सेनोनभाऊ. मला दिसत नाही."

"तुमच्यासमोर कुठे काटे आहेत? हे माझ्यासमोर आहेत. मला टोपी ठेवायला जागा लागते."

मागे बसलेले उतारू हसले. घाटमाथ्यावर ला कुम्ब्रेला चालक वाट सुखाची जावी म्हणून कुत्र्यांना पाव टाकतात. इलारिओनेही टाकला. खालचा रस्ता त्याने भीत भीत, दोनदा डोंगराला घासून पार केला. सेनोनने वहीत दोन रेघा मारल्या. पण घात झाला तो परतीच्या चढावर. टोपीखाली काटा केव्हाच लाल रेघेच्या पुढे गेला होता. सेनोनला तो टोपीच्या काठाखालून दिसत होता. तो बघत राहिला आणि काही बोलला नाही. चुस्पिपाता गावाच्या अलीकडे इंजिनातून वाफ फुटली, दोन पायांमधल्या झाकणातून ती थेट इलारिओच्या मांड्यांवर आली आणि तो किंचाळून उठला तर डोकं छताला आपटलं.

"तापली वाटतं," सेनोन म्हणाला आणि टोपी उचलून घातली. वहीत लिहिलं, इंजिनाकडे लक्ष नाही, फेरी नापास.

साबीनाने त्या रात्री मांड्यांना बटाट्याचा कीस लावला. "फोड किती मोठा आला बघ. तरी बरं, या वयात तिथे काही राखायचं नाही."

"हस. अजून दोन आहेत. दोन्ही चांगल्या करीन."

त्या भाजण्यातून त्याला एक गोष्ट मिळाली. इंजिन बुडाखालीच होतं, तर काटा कशाला हवा? पुढचे पाच दिवस तो रिकामी गाडी चढावर नेत राहिला आणि बसल्या जागी ताप मोजायला शिकला. नुसतं कोमट लागलं तर ठीक. विजार चिकटायला लागली की एक गिअर खाली. बसवेना की थांबायचं.

नऊ मेच्या दुसऱ्या फेरीला सेनोनने पुन्हा टोपी ठेवली. इलारिओने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उतारावर उजवीकडचं पहिलं मोठं वळण आलं तसा तो सरळ पुढे गेला. काचेसमोरून रस्ता संपला, खाली ढग आले, सेनोनचे पाय आपोआप ताणले गेले आणि हात हँडब्रेककडे गेला. मग इलारिओ वळला. मागचं चाक कडेपासून एका वितीवर फिरलं आणि गाडी रस्त्यावर आली.

"वेड लागलंय का?"

"नाक नाही हिला, सेनोनभाऊ. नाक आपणच."

मागून एक म्हातारी म्हणाली, "उस्ताद, पुढच्या वेळी सांगा, मी डोळे मिटते." दुसरा कोणी म्हणाला, "सेनोनने मिटलेच होते, मी पाहिलं." सगळी गाडी हसली. या वेळी हसणं सेनोनवर होतं आणि इलारिओला ते गरम सुपासारखं लागलं. परतीच्या चढावर तो दोनदा योग्य वेळी थांबला, इंजिनाला वारा दिला, स्वतः कोकाची चार पानं गालात धरली आणि सेनोनपुढेही पिशवी केली. सेनोनने घेतली नाही. पण वहीत लिहिण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. फेरी पास.

आठवडाभर इलारिओ वेगळाच माणूस होता. थांब्यावर जाऊन उभा राहायचा, आपली जागा रांगेत कुठे येईल ते मोजायचा. अकरावी येत होती. विल्मरला म्हणाला, "तुला मागचे टायर पुसायला ठेवीन. पगार बायकोच्या हातात देईन." गाडीत बसताना इलारिओला आता विचार करावा लागत नव्हता. हात गिअरवर जायचा, पाय दांड्यावर, मान खिडकीबाहेर. साबीना म्हणाली, "झोपेत घोरायचास, तसं पुन्हा घोरायला लागलास." महिना दोन महिने तो नीट झोपला नव्हता.

सोळा मे, तिसरी फेरी. पाऊस नव्हता, धुकं होतं पण विरळ. गाडी भरलेली. सेनोनने टोपी डोक्यावरच ठेवली, कारण आता तिचा काही उपयोग नव्हता. ला कुम्ब्रेपासून पुढे इलारिओ मागच्या उतारूंशी गप्पा मारत उतरत होता. एका म्हाताऱ्या बाईला मोसंब्यांचा भाव विचारत होता. वळणं येत होती आणि जात होती. सेनोन वही गुडघ्यावर उलटी टाकून बसला. अर्धा रस्ता झाला होता.

"मान्य करावं लागेल, लारुता," शेवटी तो म्हणाला. "बसलात गाडीत."

"बसलो," इलारिओ म्हणाला.

पुढच्या वळणावर समोरून ट्रक आला. पास्तोर नावाच्या चालकाचा, कोकाच्या पोत्यांनी भरलेला, चढणारा. मागे सरायचं इलारिओने. रुंद जागा सत्तर मीटर मागे होती. सेनोनने त्याच्याकडे पाहिलं. इलारिओने खिशातून काही काढलं नाही, रस्ता अडवला नाही. रिव्हर्स टाकला आणि सरायला लागला. दहा मीटर, वीस, तीस. बाहेरचं चाक कडेपासून हातभर. पास्तोर ट्रकमधून हात करून दाखवत होता, छान, येऊ द्या.

रुंद जागेशी कडा जरा आत वळलेली होती. तिथे मागचं चाक नीट दिसायला हवं होतं. लांब नाकाच्या ट्रकमध्ये अशा वेळी चालक दार उघडतो, डावा पाय बाहेरच्या पायरीवर टाकतो, एका हाताने स्टिअरिंग धरून अर्धा बाहेर उभा राहतो आणि मागे पाहत गाडी घेतो. युंगासचे सगळे जुने ट्रकवाले असंच करतात. इलारिओने सव्वीस वर्षांत ते किती हजार वेळा केलं असेल. दीड-दोन महिने तो या गाडीला भीत होता, तेव्हा दर वेळी आठवणीने खिडकीतून मान काढत होता. आज भीती नव्हती. म्हणून त्याने दार उघडलं आणि डावा पाय पायरीवर टाकला.

मिनिबसला बाहेर पायरी नसते.

तो ओरडलासुद्धा नाही. सेनोनने एवढंच पाहिलं की चालकाच्या जागेवर चालक नाही, दार उघडं आहे आणि गाडी आपली मागे चालली आहे. हँडब्रेक त्याच्या गुडघ्याशी होता. त्याने तो दोन्ही हातांनी ओढला. गाडी थरथरून बंद पडली. मागचं चाक कडेवर होतं, अर्धं बाहेर.

"उजवीकडून उतरा," सेनोन म्हणाला. "एकेक जण. कोणी ढकलाढकली केली तर मी स्वतः लाथ घालीन."

सगळे उतरले. पास्तोर ट्रकमधून धावत आला. आठेक मीटर खाली एका पुढे आलेल्या खडकावर, झुडपांत, इलारिओ आडवा पडला होता. त्याच्याखाली दरीचा तळ दिसत नव्हता.

"जिवंत आहे का?" पास्तोरने विचारलं.

सेनोनने कान दिला. "शिव्या देतोय. म्हणजे आहे."

"कोणाला?"

"पायरीला."

पास्तोरने पोती बांधायचा दोर सोडला, नवा होता. ट्रकच्या पुढच्या आकड्याला बांधून एक तरुण उतारू खाली गेला आणि त्याने इलारिओला आपल्यासोबत काखेतून दोरात बांधून घेतलं. वर ओढताना इलारिओचं डावं पाऊल उलट्या बाजूला लोंबत होतं आणि प्रत्येक हिसक्याला तो आईच्या नावाने ओरडत होता. वर वेळ जात होता. कोणी म्हणालं, योलोसाचा बाजार संपणार. कोणी म्हणालं, भाडं परत मिळालं पाहिजे. म्हातारी मात्र दरीकडे पाहत म्हणाली, "एवढा चांगला आला होता. कशाला उतरायचं मेल्याला?"

दोराची गाठ धुक्याच्या ओलीने इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी पास्तोरने सुऱ्याने दोर मधोमध कापला.

सगळ्यांनी ढकलून गाडी कडेवरून आत घेतली आणि पास्तोरचा ट्रक डोंगराच्या बाजूने वर निघून गेला. त्या जागी गाडी वर वळवता येत नाही. दवाखाना खाली, कोरोइकोला. इलारिओला शेवटच्या बाकावर निजवलं. त्या बाकावरच्या चौघांना पुढे एकमेकांच्या मांडीवर बसावं लागलं आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. सेनोन चालकाच्या जागी बसला. गाडी हलली. दुसरा गिअर अडकला, कर्र करून वाजला.

"आधी पुढे दाबा," मागून इलारिओ म्हणाला. आवाज जेमतेम येत होता. "किंचित पुढे, मग ओढा."

"पडून राहा, उस्ताद."

सेनोनने पुढे दाबून ओढला. गिअर बसला. उजवीकडचं वळण आलं. सेनोन आधी वळला आणि मागचं चाक डोंगरात घासलं. इलारिओने डोळे मिटून घेतले. पुढच्या वळणाला सेनोनने कडेपर्यंत नेली. त्याच्या पुढच्या वळणाला तो अजून पुढे गेला. योलोसा येईपर्यंत त्याला जमायला लागलं होतं.

डाव्या खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी सळई घातली आणि सांगितलं की चालता येईल, काठीने, पण क्लच दाबता येणार नाही.

साबीना तीस मेला संघाच्या ऑफिसात गेली. तिने सेनोनला समोर विचारलं, "तिसरी फेरी चांगली चालली होती म्हणतात. तुम्हीच म्हणालात, बसला गाडीत."

"म्हणालो होतो, साबीनाबाई. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

सेनोनने वही उघडून तिच्यापुढे फिरवली. तिला वाचता येत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. "तिसरी फेरी. ठिकाणी पोचण्यापूर्वी चालक गाडी सोडून गेला. नापास."

जागा नियमाप्रमाणे गाडीच्या दुसऱ्या मालकाची झाली. विल्मरने जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या तीन फेऱ्या केल्या आणि तिन्ही पास झाला. रांगेत तो अकरावा आहे. इलारिओ घरी असतो. विल्मर संध्याकाळी येतो तेव्हा तो गाडीचं विचारतो, दुसरा गिअर कसा आहे, बसायला गरम लागतं का. विल्मर दोन शब्दांत उत्तर देतो आणि जेवायला बसतो. एकदा त्याने सासऱ्याला सांगितलं की डाव्या दाराला त्याने खाली लोखंडी पायरी लावून घेतली, संघाने आता सगळ्यांनाच लावायला सांगितली आहे.

पास्तोरचा दोर कापल्यामुळे वाया गेला. नवा त्याला बावीस बोलिव्हियानोला पडला. विल्मर म्हणतो, तो सासऱ्याचा खर्च आहे, गाडीचा नाही. बावीस बोलिव्हियानो अजून दिलेले नाहीत.